कागदाची घडी आणि अंगावरचा कपडा

पहिल्या पावसात ओहोळात कागदाची होडी सोडली नाही, असे मूल खेड्यात सापडायचे नाही. वाण्याची पुडी, पळसाच्या पानाचा द्रोण, जत्रेतले भिरभिरे, डोक्यावरची पांढरी टोपी, या सगळ्यांत युक्ती एकच आहे. वस्तू मुळात सपाट असते. तिला चार घड्या पडल्या की तिला आकार येतो. टोपी तर मिटली की पुन्हा सपाट होऊन खिशात जाते.

जपानी लोकांनी या साध्या युक्तीची मोठी कला केली. तिला ते ओरिगामी म्हणतात. ‘ओरी’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. आज या कलेचा मानलेला नियम असा, की कागद एकच घ्यायचा, बहुधा चौकोनी. त्याला कात्री लावायची नाही आणि डिंकही नाही. नुसत्या घड्यांतून करकोचा, बेडूक, कमळ घडवायचे. गेल्या काही दशकांत याच घड्यांवरून अंगावरचे कपडे बेतले जाऊ लागले आणि ते पॅरिससारख्या शहरात गाजले.

शेतकऱ्याच्या घरी फॅशनची चर्चा कशाला, असे कोणाला वाटेल. पण या कपड्यांची मुळे शोधत गेले तर ती श्रीमंत पेठेत सापडत नाहीत. ती सापडतात डोंगराळ खेड्यांत, भाताची कापणी उरकून हिवाळ्याच्या उद्योगाला लागलेल्या कुटुंबांत. कापड थोडे, घरात पोरे वाढती, आणि एक चिंधीही वाया घालवायची ऐपत नाही, हा प्रश्न तिथल्या माउलीपुढे होता. तो आपल्यालाही नवा नाही. म्हणून ही हकिगत मुळापासून सांगायला हवी.

हिवाळ्यात कागद करणारी घरे

जपानी हातकागदाला ‘वाशी’ म्हणतात. तो मुख्यतः कोझो नावाच्या झुडपाच्या सालीपासून होतो. कोझो तुतीच्या कुळातला आहे. ज्यांनी रेशीमकिड्यांसाठी तुती लावली आहे, त्यांना त्याची तऱ्हा लगेच कळेल. थंडीत पाने गळाली की फांद्या बुंध्यापाशी छाटतात. बुंधा जमिनीत तसाच राहतो आणि पुढच्या हंगामात त्याला नवे धुमारे फुटतात. एकदा लागवड केली की वर्षानुवर्षे साल मिळत राहते.

भातशेतीच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात शेतावर काम नसे. त्या दिवसांत घरातली सगळी माणसे कागदाच्या उद्योगाला लागत. फांद्या वाफवायच्या आणि साल सोलायची. वरची काळी साल खरवडून आतली पांढरी साल राखेच्या निवळीत उकळायची. मग नदीच्या गार पाण्यात ती धुवायची, तिच्यातला कचरा बोटांनी वेचायचा आणि लाकडी दांडक्यांनी ती कुटायची. थंडीत हात बधिर होऊन जात, पण काम थंडीतच चांगले होई.

त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. कुटलेला लगदा पाण्याच्या हौदात सोडला की त्यात एक चिकट रस घालतात. हा रस ‘तोरोरो आओई’ नावाच्या झाडाच्या मुळांचा असतो, आणि हे झाड आपल्या भेंडीचे जवळचे नातलग आहे. आपल्याकडे गुऱ्हाळावर उसाचा रस निवळायला भेंडीचा चीक वापरतात. तिथे त्या कुळातल्या झाडाचा चीक दुसरेच काम करतो. त्याच्यामुळे सालीचे तंतू तळाशी न बसता पाण्यात सारखे तरंगत राहतात. हवा गरम झाली की चिकाचा चिकटपणा कमी होतो, म्हणून हे काम हिवाळ्याचे. बारीक काड्यांची चटई बसवलेली चौकट हौदात बुडवून हलवली की तिच्यावर तंतूंचा पातळ थर बसतो. पाणी निथळले, थर दाबून फळीवर वाळवला, की कागद तयार.

या कागदाचे तंतू लांब असतात आणि ते एकमेकांत चांगले गुंतलेले असतात. म्हणून तो चुरगळला, मुडपला, पुन्हा सरळ केला, तरी फाटत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्याचे तंतू आखूड, म्हणून चार वेळा एकाच रेषेवर घडी घातली की तो तिथेच फाटतो.

पुढे गिरण्यांचा कागद आला, तरुण मंडळी शहरांकडे गेली आणि कागद करणारी घरे झपाट्याने कमी झाली. ज्या थोड्या ठिकाणी हे काम टिकले त्यांतल्या तीन ठिकाणच्या हातकागदाला २०१४ साली युनेस्कोने जगाच्या वारशाच्या यादीत मान दिला. मान मिळाला, पण तोवर कितीतरी गावांतले हौद कोरडे पडले होते.

कागदाचे अंगरखे

कागद इतका चिवट असेल तर तो अंगावर का घालू नये? जपानमध्ये फार पूर्वीपासून तो घालत आले आहेत. त्या कपड्याला ‘कामिको’ म्हणतात. कागदाचे तुकडे एकमेकांना जोडून त्यांवर कोन्याकू नावाच्या कंदाच्या पिठाची पातळ खळ देतात. हा कंद आपल्या सुरणाचा भाऊबंद आहे. खळ वाळली की कागद हातांनी मळायचा, चुरगळायचा, पुन्हा पसरायचा. असे करता करता तो कापडासारखा मऊ पडतो. पाणी लागू नये म्हणून काही ठिकाणी कच्च्या, तुरट फळांचा आंबवलेला रस त्याला फासत. हे फळ जपानी पर्सिमन, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतले.

कागदातून वारा शिरत नाही, म्हणून असा अंगरखा थंडीत उबदार. तो गरीब माणसे घालत, वाटसरू घालत, साधू घालत. नारा शहरातल्या तोदाइजी या प्राचीन बौद्ध मंदिरात इसवी सन ७५२ पासून चालत आलेला एक वार्षिक व्रतविधी आहे. त्या विधीत भिक्षू कागदाचीच वस्त्रे घालतात.

याहून कष्टाचा प्रकार म्हणजे ‘शिफू’. त्यात कागदाच्या अगदी बारीक पट्ट्या कापून, त्यांना पीळ देऊन सूत काढतात आणि ते मागावर विणतात. जपानच्या थंड भागात कापूस नीट येत नसे. तिथल्या शेतकरी घरांतल्या बायका लिहून झालेल्या जुन्या वह्यांच्या, हिशेबाच्या चोपड्यांच्या कागदाचेही सूत काढत. जमाखर्च संपला की चोपडीचे कापड होई.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. १९६६ साली अमेरिकेत स्कॉट पेपर या कंपनीने जाहिरातीसाठी कागदी पोशाख काढला. किंमत सव्वा डॉलर. दोनचार वेळा घालावा आणि फेकून द्यावा, अशी कल्पना. लाखो पोशाख खपले, इतर कंपन्याही त्यात उतरल्या, आणि दोनतीन वर्षांत ती लाट ओसरली. दोन्हीकडे वस्तू कागदाचीच होती. एकीकडे फेकून देण्यासाठी कपडा केला, तर दुसरीकडे फेकायचा कागद वाचवून कपडा केला. फरक वस्तूत नव्हता, तो माणसाच्या दृष्टीत होता.

एका पट्ट्याचा किमोनो

जपानी बाईमाणसांचा परंपरेचा पोशाख म्हणजे किमोनो. चित्रात तो मोठा थाटाचा दिसतो. पण तो बेतण्याची रीत ऐकली तर आपल्या काटकसरी आजीलाही समाधान वाटेल. त्याच्या कापडाचा पन्हा जेमतेम चौदा-पंधरा इंच असतो आणि लांबी सुमारे बारा मीटर. या एका लांब पट्ट्याचे आठ सरळ तुकडे करतात. अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या बाजूला जोडायचे दोन, आणि गळपट्टीचे दोन. गोल काप नाही, तिरपा काप नाही. त्यामुळे चिंधी म्हणून उरत नाही.

गळ्याशी किंवा कडेला जास्तीचे कापड आले तर ते कापून टाकत नाहीत, आत दुमडून ठेवतात. शिलाई हाताची, सरळ धावदोऱ्याची. पूर्वी चांगला किमोनो धुवायचा झाला की शिवण उसवत. तुकडे पुन्हा जोडून सलग पट्टा करत, तो धुऊन ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. कपडा झिजला तर झिजलेली बाजू आत घेत. मोठ्याचा विरला की त्यातून लहानाचा होई.

लहान मुलांच्या किमोनोत खांद्याला आणि कमरेला मोठे टक घालतात. मूल वाढले की टक सोडायचा. आपल्याकडे मुलीच्या परकराला खालच्या अंगाला टक घालण्याची पद्धत होतीच. दिवाळीला शिवलेला परकर पुढच्या दिवाळीला टक सोडून पुन्हा पायघोळ होई. हे शहाणपण कोणी कोणाला जाऊन शिकवले नाही. गरज सारखी, म्हणून उत्तर सारखे.

आपले नऊवारी लुगडे आणि धोतर तर याच्याही पुढे गेलेले. तिथे सुई नाही आणि कात्रीही नाही. एक लांब कापड, त्याच्या निऱ्या, एक कासोटा, आणि शेतात वाकायला, पाण्यात उतरायला, झाडावर चढायला मोकळा असा पोशाख तयार. संध्याकाळी सोडला की पुन्हा सपाट कापड. तो दांडीवर वाळतो, लहानमोठ्या अंगाला बसतो, आणि जीर्ण झाला की त्याची वाकळ होते.

गोठ्याच्या घरातला कलावंत

आता ओरिगामीकडे परत येऊ. ही कला जुनी होती, पण फार काळ ती मुलांचा खेळ आणि सणासमारंभाची सजावट एवढीच मानली जाई. तिला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली ती आकिरा योशिझावा यांनी. त्यांचा जन्म १९११ साली तोचिगी भागात एका दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी झाला. तेराव्या वर्षी ते टोकियोला कारखान्यात कामाला गेले. पुढे नव्या कामगारांना भूमिती समजावून सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेव्हा फळ्यावरच्या आकृत्यांपेक्षा कागदाच्या घड्यांनी कोन आणि बाजू लवकर कळतात, हे त्यांनी ओळखले.

१९३७ साली त्यांनी नोकरी सोडली आणि सगळा वेळ या कलेला दिला. पुढची पुष्कळ वर्षे गरिबीत गेली. दारोदार खाद्यपदार्थ विकून ते पोट भरत. एका सचित्र नियतकालिकाने त्यांच्याकडून जपानी राशिचक्रातले बारा प्राणी कागदाचे करून घेतले. ते १९५२ च्या सुरुवातीला छापून आले आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी घड्या कागदावर लिहून दाखवण्याची पद्धत दिली. एका तऱ्हेच्या तुटक रेघेचा अर्थ डोंगरघडी, म्हणजे कागद वर उचलला जाणारी घडी. दुसऱ्या तऱ्हेच्या रेघेचा अर्थ दरीघडी, म्हणजे खाली दबणारी. शेतकऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. आपण त्याला सरी आणि वरंबा म्हणतो. या खुणांमुळे एका देशात बसलेला माणूस दुसऱ्या देशातल्या माणसाची घडी, भाषा येत नसतानाही, करू लागला.

योशिझावांना १९८३ साली जपान सरकारने मोठा सन्मान दिला. २००५ साली आपल्या चौऱ्याण्णवाव्या वाढदिवशी त्यांचे निधन झाले.

हिरोशिमाचा मुलगा

कागदाची ही विद्या कापडावर आणणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव इस्से मियाके यांचे. त्यांचा जन्म १९३८ साली हिरोशिमात झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांची आई पुढे तीन वर्षांत त्याच्याच दुष्परिणामांनी गेली. ही गोष्ट त्यांनी कितीतरी वर्षे जाहीरपणे सांगितली नाही. २००९ साली वृत्तपत्रात लेख लिहून ती सांगितली, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की नष्ट होणाऱ्या गोष्टींपेक्षा घडवता येणाऱ्या गोष्टींचा विचार करणे आपण पसंत केले, आणि म्हणून कपड्यांच्या कामाकडे वळलो.

१९६५ साली ते पॅरिसला गेले. श्रीमंत बायकांचे महागडे पोशाख कसे शिवतात ते त्यांनी पाहिले. पण १९६८ साली तिथल्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांची आणि कामगारांची आंदोलने झाली, आणि मूठभरांसाठी कपडे करण्यापेक्षा पुष्कळांना वापरता येतील असे कपडे करावेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १९७० साली टोकियोत त्यांनी आपले कार्यालय काढले. सपाट कापडाचा एकच तुकडा आणि माणसाचे अंग, यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते तिचा विचार करणे, हे त्यांच्या कामाचे सूत्र.

त्यांची पहिली मोठी युक्ती चुण्यांची. साधारण रीत अशी, की कापडाला आधी चुण्या घालायच्या आणि मग कपडा शिवायचा. मियाके यांनी क्रम उलटा केला. कपडा तयार मापाच्या अडीच ते तीन पट मोठा बेतून आधी शिवायचा. मग तो दोन कागदांच्या मध्ये ठेवून यंत्रात घालायचा. यंत्राची उष्णता आणि दाब यांनी कागदाबरोबर कपड्यालाही बारीक चुण्या पडतात. कागद काढला की आतून चुण्यांचा कपडा निघतो. या कपड्याला इस्त्री लागत नाही, तो धुतला की लवकर वाळतो, गुंडाळून पिशवीत टाकता येतो, आणि अंग हलेल तसा ताणला जातो. नाचणाऱ्यांच्या पोशाखात त्याची कसोटी झाली आणि १९९३ साली ‘प्लीट्स प्लीज’ या नावाने तो बाजारात आला.

दुसरी युक्ती तर अस्सल ओरिगामीची. त्सुकुबा विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ जुन मितानी यांनी असा कार्यक्रम तयार केला होता, की एका सपाट कागदाला कुठे कुठे घड्या घातल्या म्हणजे अमुक आकार उभा राहील, हे संगणकाने सांगावे. त्याच्या आधाराने मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘१३२ ५’ नावाचे कपडे काढले. नाव आकड्यांचे आहे, पण त्याला अर्थ आहे. एक म्हणजे कापडाचा एकच तुकडा. तीन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची असलेला उभा आकार. दोन म्हणजे घडी घालून पुन्हा सपाट झालेली वस्तू. पाच म्हणजे माणूस ती अंगावर चढवतो तेव्हा तिला येणारा जिवंतपणा. मेजावर ठेवलेला हा कपडा चांदणीसारखा किंवा चौकोनी पाकिटासारखा दिसतो. मधोमध धरून उचलला की एकेक घडी उघडत जाते आणि त्यातून झगा किंवा अंगरखा उभा राहतो. कापडही वापरलेल्या पॉलिएस्टरपासून पुन्हा तयार केलेल्या धाग्याचे.

या कामाचा आपल्या देशाशीही धागा जुळलेला आहे. मियाके यांच्याबरोबर सुरुवातीपासून कापडाचे काम पाहणाऱ्या माकिको मिनागावा यांनी २००० साली आपला वेगळा कपडा काढला. त्यात भारतातल्या कारागिरांच्या हातचे काम वापरले जाते. त्याचे नाव त्यांनी ‘हाट’ ठेवले. हाट म्हणजे आपला आठवड्याचा बाजार.

मियाके २०२२ साली गेले. त्यांचे कपडे महाग असतात, ते आपल्या बाजारात येणार नाहीत आणि आपल्याला घ्यायचेही नाहीत. पण त्यामागचा विचार फुकट आहे. कात्री लावण्याआधी घडी घालून पाहावी. कापलेले पुन्हा जुळत नाही, घडी मात्र केव्हाही उलगडता येते.

कापड म्हणजे कागद नव्हे

कागदाला घडी पडली की ती त्याच्या लक्षात राहते. कापडाचे तसे नसते. सुती कापडाच्या चुण्या खळीने आणि इस्त्रीने बसतात आणि पहिल्या धुण्यात जातात. पॉलिएस्टर उष्णतेने थोडे मऊ होते, त्याच वेळी दाबले की तो आकार धरून ठेवते. त्यामुळेच कायमच्या चुण्यांचे कपडे बहुधा त्याचे असतात.

पण या गुणाच्या पोटातच धोका आहे. जे कापड उष्णतेने मऊ होते ते आगीने वितळते. चुलीपाशी किंवा शेगडीपाशी अशा साडीचा पदर पेटला तर वितळलेले कापड कातडीला चिकटते आणि जखम खोल होते. म्हणून चुलीपुढे बसताना, कडबा किंवा पाचट जाळताना सुती कपडाच बरा. उन्हाच्या कामालाही सुतीच बरा, कारण तो घाम टिपतो. पोरीबाळींना बाजारातला चमकदार चुण्यांचा झगा हौसेने घ्यावा, पण तो घालून चुलीजवळ बसू देऊ नये.

घरी करून पाहा

हे सगळे वाचून ज्या भगिनींना शिवणाची आवड आहे, त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर दोन गोष्टी करून पाहाव्यात. खर्च काही नाही.

पहिली, चुण्यांचा परकर. समजा मुलीची कंबर २० इंच आहे. कागदाच्या पट्ट्या जोडून ६० इंच लांबीची एक पट्टी करा. तिच्यावर इंचाइंचावर खुणा करा. तीन इंचांचा एक गट धरा. पहिला इंच वर दिसणारा, दुसरा खाली जाणारा, तिसरा परत येणारा. म्हणजे एक वरंबा, एक सरी. सगळ्या घड्या एकाच दिशेने घाला आणि नखाने दाबा. २० चुण्या पडतील आणि पट्टी बरोबर २० इंचांची होईल. ती मुलीच्या कमरेला गुंडाळून पाहा. इतके कापड नसेल तर चुण्या उथळ करा. दर चुणीला तीन इंचांऐवजी दोन इंच धरले, म्हणजे एक इंच वर दिसणारा आणि अर्धा अर्धा इंच आत, की ४० इंचांत काम भागते. हिशेब कागदावर जमला की मगच कापड घ्या आणि शिलाईसाठी दोन्ही कडांना एकेक इंच जास्त धरा.

दुसरी, वाढत्या मुलीचा झगा. एक इंच खोल टक घातला की कपडा दोन इंचांनी आखूड होतो, कारण कापड दुहेरी आत जाते. आज २४ इंच लांबीचा झगा हवा असेल, तर २८ इंच कापड धरून एकेक इंचाचे दोन टक घाला. खालच्या दुमडीचे कापड याशिवाय वेगळे धरा. पुढच्या वर्षी एक टक सोडा, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. टकाची शिलाई लांब टाक्यांची ठेवा म्हणजे उसवायला सोपी जाते. नवे सुती कापड बेतण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवावे. नाहीतर टक सोडून मिळालेली लांबी आटण्यातच जाते. टक सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते आणि तिथला रंगही थोडा वेगळा असतो. तिच्यावर साधा टाका किंवा रंगीत नाडी लावली की ती नक्षीच वाटते.

जी मुलगी गावातल्या शिवणवर्गात जाते तिला कापड बिघडेल ही भीती सर्वांत मोठी असते. घरचे रागावतील या धाकाने हात थरथरतो. तिला आधी महिनाभर रद्दीवर हात बसवू द्या. कागद बिघडला तर चुलीत जाईल, आणि तोवर तिच्या हाताला माप कळलेले असेल. ज्या हाताला माप कळले त्याला गावातली चार कामे मिळतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. जपानी खेड्यांतली कागदाची विद्या फार हुशार होती, तरी वापरणारी घरे कमी होताच ती मागे पडली. नऊवारी नेसायची कशी, टक कुठे घालायचा, विरलेल्या लुगड्याची वाकळ कशी शिवायची, हे ज्यांना येते त्या आज्या आपल्या घराघरांत अजून आहेत. त्यांच्याकडून नातींनी ते हाताने शिकून घ्यावे. या दिवाळीला घरात एखादा परकर शिवायचा ठरला, तर कापड बेतताना आजीला शेजारी बसवावे आणि टक तिच्याच हाताने घालून घ्यावा.